कलाकाराचं समुपदेशन : आधी काय, नंतर काय

एम.ए. किंवा एमएसडब्ल्यू करून नुकतीच समुपदेशनाची प्रॅक्टिस सुरू केलेली मुलं-मुली अधूनमधून माझ्याकडे केस घेऊन येतात. समोर चित्रकार, मूर्तिकार, नाटकातला नट, ऑर्केस्ट्रातली गायिका किंवा मालिकेचा लेखक असला की त्यांची गाडी हमखास एकाच जागी घसरते. पहिल्या भेटीतला पाऊण तास मोबाईलवर चित्रं बघण्यात जातो. "वा, काय सुंदर काम आहे हो तुमचं!" समोरचा कसनुसा हसतो, फी देतो आणि परत येत नाही.

यात ज्ञान कमी पडत नाही, क्रम चुकतो. सीबीटी, म्हणजे विचारांच्या चुका तपासून वागणं बदलायची उपचारपद्धती, सगळ्यांनाच शिकवलेली असते. पण माणूस चार रात्री झोपलेला नसताना, किंवा त्याची दोन वर्षांची बिदागी कुणीतरी बुडवलेली असताना त्याच्या 'विचारांच्या चुका' तपासायला बसलं, तर तो मनातल्या मनात हात जोडतो आणि उठतो. म्हणून खाली सगळं क्रमाने लिहिलं आहे. हा क्रम सहसा मोडू नका.

कला महाविद्यालयातल्या शिक्षकांना आणि नाटकाच्या दिग्दर्शकांना यातलं तयारीचं आणि पहिल्या दोन टप्प्यांचं उपयोगी पडेल. त्यापुढचं काम प्रशिक्षित माणसाचं आहे. उदाहरणांतली माणसं तिघा-चौघांना मिसळून केलेली आहेत, तेव्हा 'हा अमुकच' असा अंदाज बांधू नका.

## तयारी : माणूस येण्याआधी

हंगाम बघा. आमच्या कोल्हापुरात शाहूपुरी, गंगावेस, बापट कॅम्प इथल्या कुंभारवाड्यांतून गणपतीच्या आधीचे दोन महिने कुणी तुमच्याकडे फिरकणार नाही. त्या दिवसांत कुणी आलाच, तर प्रकरण साधं नाही असं समजा. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी जवळ आली की नाटकवाले मध्यरात्रीनंतर तालमीतून सुटतात. त्यांना सकाळी नऊची वेळ द्यायची आणि न आल्यावर वहीत 'टाळाटाळ' लिहायचं, हा अन्याय आहे. चित्रनगरीत शूटिंग करणाऱ्यांना उद्याची शिफ्ट आज रात्री कळते. माझा नियम असा : आदल्या रात्री नऊच्या आत मेसेज आला तर वेळ बदलून मिळेल, त्यानंतर आला तर अर्धी फी. नियम सैल चालेल, पण असायला हवा.

फी फोनवरच सांगा, आणि पैशातच घ्या. "फीऐवजी एक पोर्ट्रेट करून देतो की" असं कुणीतरी म्हणणारच. प्रेमानेच म्हणतो. तरी नको म्हणा. चित्र घेतलंत की त्याची किंमत ठरवणारे तुम्ही झालात, आणि उद्या त्याला तुमच्यावर चिडायचं असलं तर चिडता येणार नाही. परवडत नसेल तर फी कमी करा.

भिंत बघा. माझ्या खोलीत रंकाळ्याचं एक छान जलरंगातलं चित्र होतं. एक चित्रकार चाळीस मिनिटं माझ्याऐवजी त्या चित्राशीच बोलत होता. जाताना म्हणाला, "हे ह्याचं आहे होय?" आणि मान हलवली. दोघं एका वर्गातले होते, एकाचं नाव झालं होतं, एकाचं नव्हतं. आता तिथे कॅलेंडर आहे.

गावाचा आकार लक्षात ठेवा. दसरा चौकातून महाद्वार रोडला पोहोचेपर्यंत चार ओळखीचे भेटतात, असं हे शहर. एकाच नाटकातल्या दोघांना पाठोपाठ वेळ देऊ नका, जिन्यात गाठ पडते. शाहू स्मारक भवनातल्या एखाद्या प्रदर्शनात आपण समोरासमोर आलो तर काय, हे पहिल्याच भेटीत ठरवा. मी सांगते : "मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही बोललात तर बोलेन, पण इथलं काही बोलणार नाही."

एक कागद तयार ठेवा. त्यावर मनोविकारतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि साधा एमबीबीएस डॉक्टर यांचे नंबर असू द्यात. ज्याला खासगी परवडत नाही त्याच्यासाठी सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीची वेळ. आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर. तो फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

> तपासा : फोनवर तुम्ही त्याला "तुमचं काम मला पाठवा ना, बघते" असं म्हणालात का? म्हणाला असाल, तर भेटीआधीच तुम्ही परीक्षक झालात.

## टप्पा १ : पहिली भेट, जिवाची चौकशी

कलेबद्दल बोलायला तो आतुर असतो, आणि तुम्हीही. दोघंही जरा थांबा. तीन गोष्टी आधी.

पहिली : आत्ताच का? अडचण दोन वर्षांची असते, पण फोन या मंगळवारी केलेला असतो. मंगळवारी काय झालं ते विचारा.

दुसरी : झोप, जेवण, दारू. 'घेता का?' असं विचारू नका. 'किती, आणि प्रयोगाच्या आधी की नंतर?' असं विचारा. आधी घेत असेल तर ती भीतीवरचं औषध म्हणून घेतोय, नंतर घेत असेल तर बहुधा झोप येत नाही म्हणून. पुढची वाट दोन्हींची वेगळी आहे.

तिसरी : मरणाचे विचार. सरळ, साध्या मराठीत विचारा : "जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" विचारल्याने हा विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बऱ्याच जणांचे खांदे सैल होतात. पीएचक्यू-९ ही प्रश्नावली मराठीत मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर नैराश्याची नीट तपासणी हवी. पण नुसती बेरीज बघू नका. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज कितीही कमी असो, तिथेच थांबून बोला. योजना ठरली आहे, साधन हाताशी आहे, असं कळलं तर त्याला एकटं सोडायचं नाही. घरच्यांना बोलवायचं आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचं.

कवितेत, नाटकात मरण आलं म्हणजे कवी मरायला निघाला असं नसतं. पण "ते फक्त कवितेत आहे" असं त्याने म्हटलं तरी प्रश्न एकदा विचारायचाच.

आनंदाकडेही संशयाने बघा. "चार रात्री झोपलो नाही, अकरा कॅनव्हास केले, पन्नास हजारांचे रंग उधारीवर आणले, डोकं कसलं चालतंय म्हणून सांगू!" नवखा समुपदेशक याला स्फूर्ती म्हणतो. एक प्रश्न विचारा : झोप कमी झाल्यावर थकवा येतो का? रात्रभर जागून काम केलेला माणूस दुसऱ्या दिवशी गळलेला असतो. झोप नाही आणि थकवाही नाही, बोलणं सुसाट, पैसा भसाभस, असं चार-पाच दिवस चाललं तर तो उन्माद असू शकतो. असा काळ पूर्वी येऊन गेला असेल तर ती माहिती डॉक्टरपर्यंत पोहोचलीच पाहिजे. कारण दुसऱ्या वेळी हाच माणूस उदास होऊन जातो, फक्त उदासीच सांगतो, आणि नुसत्या नैराश्याच्या गोळीने पुन्हा वर उडू शकतो.

> थांबा : भेटीनंतर दिग्दर्शकाचा किंवा निर्मात्याचा फोन येईल, "मॅडम, तो प्रयोग करेल ना, एवढंच सांगा." काहीही सांगायचं नाही. तो येतो की नाही हेसुद्धा नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार गोपनीयता हा त्याचा हक्क आहे. जिवाला धोका असेल तेव्हाच, आणि गरजेपुरतंच, अपवाद.

## टप्पा २ : शरीर

हा टप्पा मी स्वतः एकदा गाळला होता, म्हणून तो जरा सविस्तर सांगते.

पन्नाशीकडे झुकलेले एक मूर्तिकार मामा आले. "हात थांबलाय बघा. डोळं आखाय बसलो की हात थांबतोय. बाप्पाच नको म्हणतोय आता." वडील दोन वर्षांपूर्वी गेलेले. शेवटच्या दिवसांत गणपतीचा हंगाम होता, दवाखान्यात बसता आलं नव्हतं. मला वाटलं, सापडलं. दोन भेटी मी वडिलांवर घालवल्या. मामा रडले, मोकळे झाले, पण हात थांबलेलाच. तिसऱ्या भेटीत त्यांना एक फॉर्म भरायला दिला. त्यांनी तो हात लांब करून धरला, मग आणखी लांब, मग खिडकीकडे.

"मामा, हात मोठ्या मूर्तीला थांबतो की लहान?"

"लहान. फुटाच्या खालच्या. मंडळाच्या मूर्तीला कुठं थांबतोय!"

जवळचा चष्मा लागला होता. मूर्तीची आखणी म्हणजे हातभर अंतरावर केसाएवढी रेघ, आणि चाळिशीनंतर नेमकं तेच अंतर धूसर होतं. चष्मा आला, हात चालू झाला. "एवढंच व्हय?" म्हणाले. वडिलांचं दुःख खरं होतं, ते पुढे सावकाश बोललोही. पण त्या हंगामातले पंधरा दिवस माझ्या हुशारीने खाल्ले.

तेव्हा 'सुचत नाही', 'हात चालत नाही', 'आवाज लागत नाही' या तक्रारी आधी शरीराच्या समजा :

- जवळचं दिसणं, वय चाळीसच्या पुढे असेल तर नक्की.
- आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. स्वरतंतूंवर गाठ असताना 'आत्मविश्वास' वाढवून काय होणार?
- अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या, रात्री जास्त : मनगटात नस दबलेली असू शकते.
- हात थरथरणं : थायरॉईड, दारू, एखादं चालू औषध. भीतीचा नंबर यानंतर.
- बंद खोलीत थिनर, टर्पेंटाइन, स्प्रेचं काम : डोकेदुखी, चिडचिड, गरगरणं. खिडकी उघडी असते का ते विचारा.
- सतत थकवा : हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉईड.

> तपासा : तपासण्यांचे रिपोर्ट हाती येईपर्यंत 'मानसिक अडथळा' हा शब्द तुमच्या तोंडून गेला नाही ना?

## टप्पा ३ : 'अडलंय' म्हणजे नक्की काय?

शरीर ठीक निघालं, तरी अडलंय. आता खरं काम. 'अडलंय' या एका शब्दाखाली निदान चार वेगळ्या गोष्टी असतात, आणि चारींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत.

रिकामपण. मोठं काम संपलंय, महिनाभर काही सुचत नाही. जेवतो, हसतो, रंकाळ्यावर फिरायला जातो, फक्त काम नाही. याला आजार म्हणू नका. शेत पडीक ठेवतात तसं हे आहे.

भीती. सुरू करतो आणि फाडतो. किंवा पहिलंच पान अकरा वेळा लिहितो. काम करायची इच्छा आहे, किंबहुना जरा जास्तच आहे.

वैताग. दुसरं सगळं जमतं, हेच काम नको वाटतं. नगरसेवकाचा वाढदिवसाचा फ्लेक्स, त्याच त्या पोझमधलं पोर्ट्रेट, चॅनेलने सातव्यांदा बदलायला लावलेला सीन. हा माणूस आळशी नाही, रागावलेला आहे, आणि राग कुणाला सांगता येत नाही.

नैराश्य. कामच काय, कशालाच चव नाही. मित्र मिसळ खायला नेतात, तो नुसता पाव कुस्करत बसतो.

ओळखायचं कसं? एक प्रश्न बरंच काम करतो : "समजा हे काम उद्या कुणी दुसऱ्याने पूर्ण केलं आणि नाव तुमचं लागलं, तर कसं वाटेल?" वैतागलेला म्हणतो, "सुटलो!" घाबरलेला म्हणतो, "नको, मलाच करायचंय." रिकामा खांदे उडवतो आणि विषय बदलतो. नैराश्यातला म्हणतो, "काय फरक पडतो." हा काही पक्का निकाल नव्हे, पण दिशा मिळते. दोन गोष्टी एकत्रही असतात. तेव्हा नैराश्य आधी हातात घ्या, बाकी सगळं नंतर.

## टप्पा ४ : दोन आठवड्यांची वही

उपायाकडे जाण्याआधी पंधरा दिवस नोंद. साधी शंभर पानी वही, चारच रकाने : कधी बसलो, कधी उठलो, उठण्याच्या आधीच्या पाच मिनिटांत काय झालं, रात्री किती झोपलो.

काम कसं झालं, हा रकाना नको. सगळ्यांना तो घालायचा मोह होतो. तो घातलात की वही म्हणजे आणखी एक परीक्षक होऊन बसते.

एका चित्रकाराच्या वहीतलं पान असं होतं : 'सव्वातीनला बसलो. पावणेपाचला उठलो. त्याआधी आभाळाचा वॉश दिला, तो वाळेपर्यंत मोबाईल घेतला. मुंबईत एकाचं प्रदर्शन लागलंय. आज नको म्हटलं.' चौदा दिवसांपैकी नऊ दिवस तो रंग वाळेपर्यंतच्या वेळेत उठला होता. म्हणजे त्याची अडचण सुचण्याची नव्हती, ती वाळण्याच्या वीस मिनिटांची होती. मोबाईल दुसऱ्या खोलीत आणि शेजारी दुसरा छोटा कागद, एवढ्यावर पुढचे तीन आठवडे गेले.

> चूक : वही भरली नाही म्हणून रागावणं. न भरलेली वहीसुद्धा माहितीच देते. कुठल्या दिवसापासून कोरी आहे ते बघा.

## टप्पा ५ : आता पद्धत निवडा

रिकामपणाला काही करू नका, हाच उपचार. फक्त वेळ बांधून द्या : चार-सहा आठवडे नवीन काम घ्यायचं नाही, हात चालू राहावा म्हणून रोज अर्धा तास बिनहेतूचं रेखाटन किंवा रियाज. मुदतीनंतर पुन्हा तपासा, कारण कधीकधी रिकामपणाच्या आडून नैराश्य येतं.

वैतागाला बोलतं करा. पोटाचं काम आणि स्वतःचं काम असे दोन रकाने पाडा. कुठलाही हलका मानू नका, फ्लेक्सवरच घर चालतं. स्वीकार आणि बांधिलकी उपचारपद्धतीतला मूल्यांचा भाग इथे छान बसतो : हे काम मी कशासाठी करतोय? 'मुलीची फी' हे उत्तर मिळालं तरी ते चालतं, फक्त ते त्याने स्वतः म्हटलेलं हवं. मग 'नाही' म्हणायचा सराव. खोलीतच करा. तुम्ही गिऱ्हाईक व्हा आणि घासाघीस करा.

नैराश्यात 'सुंदर काहीतरी निर्माण कर' असं सांगणं म्हणजे मोडलेल्या पायाला पळ म्हणणं. आधी कृती, मग इच्छा. ब्रश धुणं. कागद ताणून बोर्डावर चिकटवणं. तंबोरा नुसता जुळवणं, गायचं नाही. दिवसात एक, तेही ठरल्या वेळी. बरोबरीने मनोविकारतज्ज्ञ.

भीतीवर जास्त लिहिते, कारण इथेच सगळ्यात घाई होते. स्पर्धेत वाक्य विसरलेला नट घ्या. त्याला 'सकारात्मक विचार कर' म्हणून पुन्हा रंगमंचावर ढकलतात. तसं करू नका, पायऱ्या करा :

१. घरी उभं राहून एक स्वगत, मोबाईलवर रेकॉर्ड.
२. ते रेकॉर्डिंग न थांबवता पूर्ण बघणं.
३. एका विश्वासाच्या माणसासमोर तेच स्वगत.
४. तालमीत, चौघांसमोर, मुद्दाम एक वाक्य गाळून पुढे जाणं.
५. रिकाम्या नाट्यगृहात, दिवे लावून.
६. छोटा प्रयोग : गल्लीतलं मंडळ, एखादी शाळा.
७. स्पर्धा.

प्रत्येक पायरीवर भीतीला ० ते १० गुण द्यायला सांगा. भीती साधारण निम्म्यावर येईपर्यंत तीच पायरी पुन्हा पुन्हा. चौथी पायरी कधी गाळू नका, सगळा जीव तिथे आहे. त्याची भीती विसरण्याची नसतेच, विसरल्यानंतरच्या तीन सेकंदांची असते. ते तीन सेकंद कसे निभवायचे हे हाताला, जिभेला माहीत झालं पाहिजे.

आणि कुबड्या शोधा : विंगेत उभा केलेला मित्र, तळहातावर लिहिलेली वाक्यं, मेकअपरूममधला एक घोट. एकदम काढू नका, एकेक करून सोडवा. लांब श्वास सोडण्याचा व्यायाम विंगेतल्या दोन मिनिटांपुरता ठीक आहे, पण तो पायऱ्यांची जागा घेत नाही.

> थांबा : धडधड कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी कलाकारांत हातोहात फिरते. दम्याच्या माणसाला ती धोक्याची आहे. मित्राच्या खिशातली गोळी नको, डॉक्टरची चिठ्ठी हवी.

फाडणाऱ्याला पायऱ्यांबरोबर आणखी एक गोष्ट. आतून जो बोलतो त्याला बाहेर काढून खुर्चीवर बसवा. कथनात्मक उपचारपद्धतीतलं हे तंत्र आपल्या मातीत मजेदार चालतं, कारण नावं ठेवण्यात आपण पटाईत. एका मुलीने आतल्या आवाजाचं नाव 'मास्तर' ठेवलं. मास्तर काय म्हणतात ते मास्तरांच्याच बोलीत लिहायचं : 'ह्ये काय गं काढलंईस? म्हस हाय का बाई?' तिसऱ्या ओळीला ती हसायला लागली. मास्तर कुठे गेले नाहीत, पण त्यांच्यासमोर कागद फाडायचं थांबलं.

एक वेगळी गोष्ट मध्येच. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा इथले कितीतरी नाटकवाले घरातलं कुणी गेल्यासारखे झाले. "इमारत आहे, पुन्हा बांधतील" हे सांत्वन खूप जणांनी ऐकलं, आणि ते कुणाच्या कामी आलं नाही. जागा गेल्याचं दुःख हे दुःखच असतं. तिथला पहिला प्रयोग कुठला, विंगेत कोण उभं होतं, हे विचारा. उपाय सुचवू नका.

## टप्पा ६ : पैशाचा एक कागद

छोटा टप्पा, पण तो टाळू नका. बारा महिन्यांच्या बारा चौकटी आखा. कुठल्या महिन्यात पैसे येतात, कुठल्या कोरड्या, कुणाकडून किती येणं आहे. 'दरवर्षी पावसाळ्यात मला नैराश्य येतं' म्हणणाऱ्या गायकाच्या कागदावर जून ते ऑगस्ट एकही सुपारी नव्हती. यावर तुम्ही आर्थिक सल्ला द्यायचा नाही. अर्धा अॅडव्हान्स आणि व्हॉट्सअॅपवर का होईना, लेखी ठरलेली रक्कम, एवढा घरचा अभ्यास मात्र जरूर द्या.

## टप्पा ७ : घरचे

त्याची परवानगी घेऊन, आणि तो खोलीत असतानाच. आधी त्याच्याशी ठरवा : काय सांगायचं, काय नाही.

वडील येतात, खुर्चीच्या टोकावर बसतात. "आमचं काय म्हणणं न्हाई वो मॅडम. पण पोरगं दिवसभर कागदाकडं बघत बसतंय. काम करतंय म्हणायचं का झोपलंय?" प्रश्न रास्त आहे. त्यांना कलेचं माहात्म्य ऐकवू नका. मी विचारते, "काका, पेरल्यावर तुम्ही रोज जमीन उकरून बघता का?" हे शेतकऱ्याला पटतं. दुकानदाराला पटत नाही. त्याला वही दाखवावी लागते, मुलाची परवानगी असेल तर.

घरच्यांकडून तीनच गोष्टी मागा : बसण्याच्या वेळेत हाक मारायची नाही, 'झालं का?' विचारायचं नाही, आणि झोप उडाली किंवा मरणाची भाषा आली तर आम्हाला कळवायचं.

> चूक : बायकोला किंवा आईला पहारेकरी नेमणं. "तो रोज बसतो का बघा हं वहिनी" म्हणालात की घरात आणखी एक भांडण लावून दिलंत.

## टप्पा ८ : "गोळ्यांनी माझी कला जाईल"

हे वाक्य येणारच, आणि त्यावर वाद घालू नका. भीती अगदीच निराधार नाही. औषधाने झोपाळल्यासारखं, बोथट वाटल्याच्या तक्रारी खऱ्या असतात. पण आजार तसाच ठेवला तर काय जातं, तेही सांगा. मोगेन्स शाऊ या डॅनिश मनोविकारतज्ज्ञाने १९७९ मध्ये लिथियम (उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजारावरचं औषध) घेणाऱ्या २४ कलावंतांना त्यांच्या कामाबद्दल विचारलं होतं. बारा जणांनी काम वाढलं म्हटलं, सहा जणांनी फरक नाही म्हटलं, सहा जणांनी घटलं म्हटलं. अभ्यास लहान आहे, पण आकडे जसेच्या तसे सांगा, शेवटचे सहाही लपवू नका. लपवलेत आणि हा माणूस नेमका त्या सहांतला निघाला, तर तो तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

मग वही पुन्हा काढा. औषध सुरू होण्याआधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे सहा आठवडे, तेच चार रकाने. बोथटपणा जाणवला तर ती वही घेऊन डॉक्टरकडे जायचं. मात्रा, वेळ किंवा औषध बदलता येतं. मनाने बंद करायचं नाही. लिथियम असेल तर रक्तातलं प्रमाण तपासत राहावं लागतं, आणि ते अचानक बंद केलं तर आजार उसळून येऊ शकतो.

> तपासा : मात्रेबद्दल तुम्ही स्वतः काही बोललात का? तो अधिकार डॉक्टरांचा.

## टप्पा ९ : भेटी थांबवताना

काम सुरू झालं म्हणून भेटी लगेच थांबवू नका. एक काम पूर्ण होऊन लोकांसमोर जाऊ दे. प्रदर्शन उतरल्यानंतरचा आठवडा, स्पर्धेच्या निकालानंतरचा आठवडा, विसर्जनानंतरचे चार दिवस, हे पडायचे दिवस असतात. शेवटच्या दोन भेटी त्या दिवसांत ठेवा.

शेवटच्या भेटीत एक कार्ड त्याच्याच अक्षरात लिहून घ्या : माझी पहिली तीन लक्षणं, त्या वेळी मी काय करायचं, कुणाला फोन करायचा. लक्षणं पुस्तकी नकोत. एकाने लिहिलं होतं, 'ब्रश न धुता झोपलो सलग तीन दिवस.' याहून नेमकं मला लिहिता आलं नसतं. चित्र, पास, पेढे काही आणलं तर पेढा खा. चित्राचं काय करायचं ते तयारीत सांगितलंच आहे. पहिल्या प्रयोगाला जायचं की नाही, हे त्याला विचारून ठरवा. गेलात तर मागच्या रांगेत बसा आणि मेकअपरूममध्ये जाऊ नका.

पुढच्या भेटीची तारीख त्याच्या हंगामाच्या दीड-दोन महिने आधीची धरा. मूर्तिकार असेल तर वैशाख-ज्येष्ठात, नट असेल तर दिवाळीच्या बऱ्याच आधी. ती तारीख वहीत आत्ताच लिहा आणि फोन कुणी करायचा तेही ठरवा. बहुतेक जण "मीच करतो की" म्हणतात आणि करत नाहीत. म्हणून मी विचारते, "मी केला तर उचलाल ना?"